अंक व विरामचिन्हांचे बोली श्रुतलेखन

अंक व विरामचिन्हांचे बोली श्रुतलेखन म्हणजे वाणी ओळखणाऱ्या संगणकीय आज्ञावलीला मजकूर सांगताना त्यातील संख्या, दिनांक, वेळ, रक्कम, मोजमापे आणि विरामचिन्हे योग्य लेखी रूपात उमटावीत यासाठी वापरली जाणारी पद्धती होय. शब्दांचे श्रुतलेखन उच्चारलेला शब्द ओळखण्यावर अवलंबून असते. अंक व विरामचिन्हे यांच्या बाबतीत मात्र शब्द अचूक ओळखला गेला तरी काम संपत नाही. ‘पंचवीस’ हा शब्द ओळखल्यावर तो अक्षरांत लिहायचा की ‘२५’ असा, हे ठरवावे लागते. विरामचिन्हे तर सामान्य बोलण्यात उच्चारलीच जात नाहीत. त्यामुळे श्रुतलेखनाच्या आज्ञावलींमध्ये या दोन घटकांसाठी स्वतंत्र नियम, बोली आज्ञा व प्रारूपे विकसित झाली आहेत.

वैद्यकीय नोंदी, न्यायालयीन व कार्यालयीन पत्रव्यवहार, बँकिंग आणि दिव्यांग व्यक्तींचे संगणकीय लेखन या क्षेत्रांत या विषयाला विशेष महत्त्व आहे. चुकलेला शब्द वाचकाला संदर्भावरून बहुधा ओळखता येतो. चुकलेला अंक मात्र दिसायला शुद्धच असतो आणि म्हणून तो नजरेतून सहज सुटतो.

## इतिहास

यंत्राने वाणी ओळखण्याच्या प्रयत्नांची सुरुवात अंकांपासूनच झाली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५२ साली ‘ऑड्रे’ हे यंत्र तयार करण्यात आले. ते शून्य ते नऊ हे इंग्रजी अंक ओळखत असे; मात्र त्यासाठी ते विशिष्ट व्यक्तीच्या आवाजाशी जुळवून घ्यावे लागे आणि प्रत्येक अंकानंतर थांबावे लागे. आयबीएम कंपनीचे ‘शूबॉक्स’ हे यंत्र १९६२ साली सिअ‍ॅटल येथील जागतिक प्रदर्शनात दाखवण्यात आले. त्याला सोळा शब्द समजत. त्यांत दहा अंक आणि बेरीज, वजाबाकी, एकूण यांसारख्या गणिती आज्ञांचा समावेश होता. अंकांची संख्या मोजकी आणि त्यांचा व्यावहारिक उपयोग मोठा, यामुळे आरंभीच्या संशोधकांनी त्यांची निवड केली.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने १९८०च्या दशकात ‘टीआय-डिजिट्स’ हा ध्वनिसंग्रह तयार केला. त्यात पुरुष, स्त्रिया, मुलगे व मुली मिळून ३२६ व्यक्तींनी उच्चारलेल्या अंकमाला आहेत. सलग उच्चारलेले अंक ओळखणाऱ्या प्रणालींची तुलना करण्यासाठी हा संग्रह अनेक वर्षे वापरला गेला.

ड्रॅगन सिस्टम्स या कंपनीची ‘ड्रॅगनडिक्टेट’ ही आज्ञावली १९९० साली बाजारात आली. तिच्यात प्रत्येक शब्दानंतर क्षणभर थांबणे आवश्यक होते. १९९७ साली याच कंपनीची ‘ड्रॅगन नॅचरली-स्पीकिंग’ आणि आयबीएमची ‘व्हायाव्हॉइस’ या आज्ञावली आल्या व सलग बोलून लिहिणे सामान्य वापरकर्त्याच्या आवाक्यात आले. शब्दांमधील थांबे नाहीसे झाल्यामुळे अंकांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा झाला. एकापाठोपाठ उच्चारलेले अंक एकाच संख्येचे भाग आहेत की वेगवेगळ्या संख्या आहेत, हे आता यंत्राला ठरवावे लागू लागले.

भारतात सी-डॅक या संस्थेने हिंदीसाठी ‘श्रुतलेखन-राजभाषा’ ही आज्ञावली विकसित केली. गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये आपल्या बोली टंकलेखनाच्या सुविधेत मराठीसह आणखी आठ भारतीय भाषांची भर घातली. २०२२ साली भारत सरकारचा ‘भाषिणी’ हा भाषातंत्रज्ञानाचा उपक्रम सुरू झाला. त्याच वर्षी ओपनएआय या संस्थेने ‘व्हिस्पर’ हे प्रारूप प्रसिद्ध केले. ६,८०,००० तासांच्या ध्वनिमुद्रणावर प्रशिक्षित केलेले हे प्रारूप विरामचिन्हांसह मजकूर थेट तयार करते.

## कार्यपद्धती

पारंपरिक प्रणालीत श्रुतलेखन टप्प्याटप्प्याने होते. ध्वनिप्रारूप ध्वनिलहरींवरून संभाव्य उच्चार ठरवते. भाषाप्रारूप कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येण्याची शक्यता अधिक आहे याचा विचार करून त्या उच्चारांमधून शब्दमाला निवडते. या टप्प्यापर्यंत मजकूर ‘उच्चाररूपात’ असतो. उदाहरणार्थ, ‘पंधरा ऑगस्ट एकोणीसशे सत्तेचाळीस’. त्यानंतरच्या टप्प्यात त्याचे ‘लेखनरूपात’ रूपांतर केले जाते व ‘१५ ऑगस्ट १९४७’ असा मजकूर मिळतो. लिहिलेला मजकूर यंत्राकडून वाचून घेताना अंकांचे शब्दांत रूपांतर करावे लागते. त्याच्या उलट दिशेने होणारी ही क्रिया असल्यामुळे तिला ‘व्यस्त पाठ-प्रमाणीकरण’ म्हटले जाते.

हे रूपांतर नियमांच्या आधारे किंवा मज्जाजालांच्या साहाय्याने करता येते. नियमांवर आधारित पद्धतीत चूक कोठे झाली हे शोधता येते, मात्र प्रत्येक भाषेसाठी नियम हाताने लिहावे लागतात. मज्जाजाले संदर्भ अधिक चांगला ओळखतात. परंतु कधी कधी मुळात नसलेला अंक लिहून मोकळी होतात. म्हणून अनेक प्रणालींमध्ये दोन्हींचा मेळ घातला जातो.

## विरामचिन्हे

### आज्ञापद्धती

या पद्धतीत वापरकर्ता चिन्हाचे नाव उच्चारतो व आज्ञावली त्या जागी चिन्ह उमटवते. ‘नवी ओळ’, ‘नवा परिच्छेद’, ‘कंस सुरू’, ‘कंस पूर्ण’ या अर्थाच्या आज्ञाही त्यात येतात. अवतरणचिन्हे व कंस जोडीने येत असल्यामुळे त्यांच्या आरंभासाठी व शेवटासाठी वेगळ्या आज्ञा द्याव्या लागतात. दुसरी आज्ञा विसरल्यास पुढील सर्व मजकूर अवतरणात गेल्यासारखा दिसतो. एखाद्या आज्ञावलीत विशिष्ट भाषेचे बोली टंकलेखन उपलब्ध असले, तरी त्या भाषेतील विरामचिन्हांच्या आज्ञा उपलब्ध असतातच असे नाही.

या पद्धतीतील मूलभूत अडचण म्हणजे चिन्हाचे नाव हा भाषेतील शब्दही असतो. ‘त्यांच्या येण्याने सर्व चर्चांना पूर्णविराम मिळाला’ किंवा ‘संघाच्या तयारीवर प्रश्नचिन्ह निर्माण झाले’ अशी वाक्ये मराठी वृत्तपत्रांत नित्य आढळतात. अशा ठिकाणी यंत्राने चिन्ह उमटवल्यास वाक्य मोडते. इंग्रजीत ‘पीरियड’ हा शब्द टिंब आणि कालावधी अशा दोन्ही अर्थांनी येत असल्याने हाच प्रश्न उद्भवतो. शब्दापूर्वीचा व नंतरचा थांबा आणि आजूबाजूचे शब्द यांवरून प्रणाली निर्णय घेते. म्हणून चिन्हाचे नाव उच्चारण्यापूर्वी किंचित थांबणे उपयुक्त ठरते, तर तोच शब्द म्हणून हवा असल्यास वाक्य सलग बोलणे इष्ट असते.

### स्वयंचलित पद्धती

या पद्धतीत वापरकर्ता नेहमीप्रमाणे बोलतो व चिन्हे प्रणाली स्वतः घालते. त्यासाठी स्वराघात, सुराचा चढउतार, थांब्याची लांबी आणि वाक्यरचना यांचा आधार घेतला जातो. मराठीत वाक्याच्या शेवटी येणारे क्रियापद पूर्णविरामाची, तर शेवटचा ‘का’ प्रश्नचिन्हाची सूचना देतो. ‘तो आला’ हे विधान आणि ‘तो आला?’ हा प्रश्न यांतील फरक मात्र केवळ सुरावरून कळतो. शब्दांकडेच पाहणाऱ्या प्रारूपाला तो ओळखता येत नाही.

बोलण्यातील थांबा आणि लेखनातील विराम हे एकच नव्हेत. वक्ता विचार करण्यासाठी, श्वास घेण्यासाठी किंवा शब्द आठवण्यासाठीही थांबतो. त्यामुळे स्वयंचलित पद्धतीत वाक्याच्या मध्येच पूर्णविराम पडणे ही नेहमीची चूक आहे. तिने अर्थ पालटू शकतो. ‘उद्या येणार नाही आलो तर कळवतो’ हा मजकूर ‘उद्या येणार. नाही आलो तर कळवतो.’ असा लिहिता येतो, तसाच ‘उद्या येणार नाही. आलो तर कळवतो.’ असाही लिहिता येतो. दोन्ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत, परंतु त्यांचे अर्थ परस्परविरुद्ध आहेत. कायदेशीर व वैद्यकीय मजकुरात अशा ठिकाणी आज्ञापद्धतीच अधिक विश्वासार्ह ठरते.

## अंक

### शब्द की आकडा

लेखनसंकेतांनुसार लहान संख्या अक्षरांत व मोठ्या संख्या अंकांत लिहिण्याची प्रथा अनेक भाषांत आहे. ‘ड्रॅगन’सारख्या इंग्रजी आज्ञावलींमध्ये कोणत्या संख्येपासून आकडा वापरायचा हे वापरकर्त्याला निवडता येते. दहापेक्षा लहान संख्या आकड्यात हवी असल्यास तिच्यापूर्वी ‘न्यूमरल’ हा शब्द उच्चारावा लागतो. केवळ अंकच स्वीकारणारी अंकावस्थाही अशा आज्ञावलींमध्ये असते. हिशेबाचे तक्ते भरताना ती सोयीची ठरते.

प्रत्येक संख्यावाचक शब्दाचा आकडा करणे योग्य नसते. ‘एक माणूस आला होता’ या वाक्यातील ‘एक’ संख्या सांगण्यासाठी नसून अनिश्चितता दाखवण्यासाठी असतो. ‘दोन-चार दिवस’, ‘पाच-पन्नास लोक’ या शब्दप्रयोगांत अंदाज व्यक्त होतो. ‘सतराशे साठ भानगडी’ याचे ‘१७६० भानगडी’ किंवा ‘बारा वाजले’ या वाक्प्रचाराचे ‘१२:००’ असे रूपांतर झाल्यास अर्थाचा विपर्यास होतो. ‘छत्तीसचा आकडा’ हा वाक्प्रचार याला काहीसा अपवाद आहे. देवनागरीतील ३ व ६ ही चिन्हे एकमेकांकडे पाठ फिरवून उभी असल्याच्या प्रतिमेवरच तो बेतलेला असल्यामुळे ‘३६चा आकडा’ हे लेखन त्याला शोभते.

### अंकमाला

दूरध्वनी क्रमांक, खाते क्रमांक व पिनकोड ही मूल्ये नसून अंकमाला असतात. त्यांतील आरंभीचे शून्य गाळता येत नाही. अशा माला एकेका अंकाने सांगणे सर्वांत सुरक्षित मानले जाते. ‘डबल’, ‘ट्रिपल’ हे शब्द भारतात सर्रास वापरले जातात. प्रणालीला ते माहीत नसल्यास ‘डबल टू’ याचे एकच ‘२’ होण्याचा संभव असतो. मराठी बोलणारे अनेक लोक दूरध्वनी क्रमांक इंग्रजी अंकांत सांगतात व रकमा मराठीत सांगतात. त्यामुळे एकाच वाक्यात दोन भाषांतील संख्या ओळखण्याची क्षमता प्रणालीत असावी लागते.

अंकमालेची लांबी व रचना आधीच ठाऊक असल्यास चुका पकडता येतात. भारतातील पिनकोड सहा अंकी व भ्रमणध्वनी क्रमांक दहा अंकी असतो. आधार क्रमांकातील शेवटचा अंक व्हेरहॉफ पद्धतीने काढलेला पडताळा अंक असतो. एखादा अंक चुकल्यास किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाल्यास या पद्धतीने चूक उघड होते. बँकांच्या कार्डांवरील क्रमांकांसाठी लुन पद्धत वापरली जाते. रक्कम किंवा औषधाची मात्रा यांना मात्र असा कोणताही अंगभूत पडताळा नसतो.

## मराठीतील विशेष प्रश्न

अनियमित संख्यानामे. मराठीत एक ते शंभर या संख्यांची नावे बहुतांशी स्वतंत्रपणे लक्षात ठेवावी लागतात. ‘त्र्याऐंशी’ व ‘त्र्याण्णव’, ‘चोपन्न’ व ‘छप्पन्न’, ‘सदुसष्ट’ व ‘अडुसष्ट’ अशा जोड्यांत उच्चारसाम्य मोठे असते. ‘सात’ व ‘साठ’ यांत केवळ अखेरच्या व्यंजनाचा, तर ‘सहा’ व ‘दहा’ यांत केवळ पहिल्या व्यंजनाचा फरक आहे. ‘स’ या ध्वनीची बरीचशी ऊर्जा उच्च कंप्रतांमध्ये असते. पारंपरिक दूरध्वनी सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा वाहून नेत असल्यामुळे हा फरक दूरध्वनीवर आणखी पुसट होतो.

वाचनाचा क्रम. ‘पंचवीस’ या शब्दात एककाचा उल्लेख आधी व दशकाचा नंतर येतो, तर लेखनात दशक आधी असते. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ साली ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे संख्यावाचन देण्यात आले व त्यावर राज्यात मोठी चर्चा झाली. श्रुतलेखनाच्या दृष्टीने असे वाचन नियमित असले, तरी ‘सत्तर दोन’ ही ७२ ही एक संख्या आहे की ७० व २ या दोन संख्या आहेत, असा नवा प्रश्न त्यातून निर्माण होतो.

अपूर्णांकवाचक शब्द. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन हे शब्द पुढील शब्दानुसार वेगवेगळे मूल्य दाखवतात. ‘साडेतीन किलो’ म्हणजे ३.५ किलो, ‘साडेतीन वाजता’ म्हणजे ३:३० वाजता आणि ‘साडेतीन लाख’ म्हणजे ३,५०,०००. तसेच ‘सव्वाशे’ म्हणजे १२५, ‘पावणेदोनशे’ म्हणजे १७५ व ‘अडीच हजार’ म्हणजे २,५००. ‘पाव किलो’ यात ‘पाव’ हा अपूर्णांक आहे; ‘दोन पाव’ यात तो खाद्यपदार्थ आहे.

वर्ष व मूल्य. ‘एकोणीसशे सत्तेचाळीस’ हे बहुधा वर्ष असते व ते ‘१९४७’ असे लिहिले जाते. ‘एक हजार नऊशे सत्तेचाळीस’ ही बहुधा रक्कम असते व ती ‘१,९४७’ अशी लिहिली जाते. मोठ्या संख्यांत स्वल्पविराम भारतीय पद्धतीने, म्हणजे हजार, लाख व कोटी या स्थानांनंतर द्यावा लागतो. उदाहरणार्थ, १२,३४,५६७.

विभक्तिप्रत्यय. मराठीत प्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात. ‘पाचशेला’, ‘पंधराव्या’ यांसारखी रूपे अंकांत लिहिताना ‘५००ला’, ‘१५व्या’ अशी जोडून लिहावी लागतात. त्यासाठी संख्यानामाची सामान्यरूपेही प्रणालीला माहीत असावी लागतात.

अंकलिपी. महाराष्ट्र शासनाच्या मराठी व्यवहारात देवनागरी अंक वापरले जातात. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३४३ नुसार संघराज्याच्या शासकीय प्रयोजनांसाठी मात्र भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय स्वरूप विहित आहे. युनिकोडमध्ये देवनागरी अंकांना स्वतंत्र संकेतांक आहेत. त्यामुळे देवनागरीत उमटलेली संख्या एखाद्या हिशेबतक्त्यात केवळ मजकूर समजली जाऊन बेरजेतून वगळली जाऊ शकते.

विरामचिन्हांची परंपरा. मोडी लिपीतील जुन्या कागदपत्रांत विरामचिन्हे जवळजवळ नसत व शब्दही सलग लिहिले जात. इंग्रजी धर्तीची विरामचिन्हे मराठी गद्यात एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. त्यांच्या प्रसाराचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. आज मराठी गद्यात वाक्याच्या शेवटी टिंब देतात, तर हिंदीत दंड (।) देण्याची प्रथा आहे. दोन्ही भाषांची लिपी एक असल्याने हिंदीच्या मजकुरावर शिकलेली प्रारूपे मराठी वाक्यानंतर दंड उमटवण्याचा संभव असतो. व्यवहारात अनेक मराठी भाषक ‘पूर्णविराम’, ‘स्वल्पविराम’ यांऐवजी ‘फुलस्टॉप’, ‘कॉमा’ हे शब्द उच्चारतात. म्हणून दोन्ही नावे स्वीकारणारी प्रणाली अधिक उपयुक्त ठरते.

## अचूकता व धोके

श्रुतलेखनातील चुकांचे सर्वांत गंभीर परिणाम वैद्यकीय नोंदींत संभवतात. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वाणी ओळखणाऱ्या आज्ञावलीने तयार केलेल्या २१७ वैद्यकीय टिपणांची तपासणी करण्यात आली. संस्कार न केलेल्या मजकुरात चुकांचे प्रमाण ७.४ टक्के आढळले. व्यावसायिक लिप्यंतरकारांनी तपासल्यानंतर ते ०.४ टक्क्यांवर व डॉक्टरांच्या स्वाक्षरीनंतर ०.३ टक्क्यांवर आले. यंत्राच्या सुधारणेइतकेच मानवी पुनर्वाचनही महत्त्वाचे असल्याचे त्यातून दिसून येते.

इंग्रजीतील ‘फिफ्टीन’ व ‘फिफ्टी’ या शब्दांतील गोंधळ टाळण्यासाठी तोंडी औषधयोजना सांगताना संख्येनंतर तिचे अंक सुटे उच्चारण्याची शिफारस औषधसुरक्षेच्या क्षेत्रात केली जाते. मराठीत ‘साठ, म्हणजे सहा शून्य’ असे म्हणणे हे त्याचेच रूप होय. दशांश संख्यांबाबतही संकेत आहेत. एकपेक्षा लहान मात्रेत दशांश चिन्हापूर्वी शून्य लिहावे (०.५) आणि पूर्ण संख्येनंतर अनावश्यक शून्य लिहू नये (१.० ऐवजी १), असे ते सांगतात. टिंब पुसट झाल्यास किंवा गळाल्यास ‘.५’चे ‘५’ आणि ‘१.०’चे ‘१०’ होते, म्हणजेच मात्रा दहापट वाढते.

अंकांच्या उच्चारातील गोंधळ टाळण्याचे प्रयत्न संगणकापूर्वीचे आहेत. विमानवाहतुकीच्या संदेशवहनात इंग्रजी ‘नाइन’ऐवजी ‘नायनर’ असा उच्चार केला जातो. जर्मन भाषेत ‘झ्वाय’ (दोन) व ‘द्राय’ (तीन) यांत घोटाळा होऊ नये म्हणून दूरध्वनीवर ‘झ्वो’ असे म्हटले जाते.

गोपनीयता हा आणखी एक प्रश्न आहे. अनेक आज्ञावली ध्वनी दूरस्थ संगणकाकडे पाठवतात. तसेच खाते क्रमांक, परवलीचा अंक किंवा रुग्णाची माहिती मोठ्याने उच्चारल्यास ती आसपासच्या व्यक्तींनाही ऐकू जाते.

## मूल्यमापन

वाणी ओळखीची अचूकता सामान्यतः ‘शब्दचूक दर’ या मापाने मोजली जाते. हे माप काढण्यापूर्वी विरामचिन्हे बहुधा काढून टाकली जातात. त्यामुळे त्यांतील चुका त्यात दिसत नाहीत. ‘पंचवीस’ आणि ‘२५’ ही दोन शुद्ध रूपे असली, तरी प्रमाणीकरण न करता तुलना केल्यास ती चूक म्हणून मोजली जाते. उलटपक्षी, शंभर शब्दांच्या मजकुरात औषधाच्या मात्रेचा एकच अंक चुकला तर शब्दचूक दर केवळ एक टक्का भरतो. म्हणून अंक व विरामचिन्हे यांचे मूल्यमापन स्वतंत्रपणे करणे आवश्यक मानले जाते.

## उपयोग

हातांच्या हालचालींवर मर्यादा असलेल्या, टंकलेखनामुळे मनगटाचे किंवा बोटांचे विकार जडलेल्या व दृष्टिहीन व्यक्तींना बोली श्रुतलेखनामुळे स्वतंत्रपणे लेखन करता येते. दृष्टिहीन वापरकर्ता उमटलेला मजकूर पटलवाचक आज्ञावलीकडून ऐकून तपासतो. अशा वेळी वाचकाची विरामचिन्हे उच्चारण्याची सुविधा चालू ठेवल्यास आणि अंकमाला एकेक अंकाने वाचून घेतल्यास चुका लक्षात येतात. ‘टॉलन’सारख्या आज्ञावलींमुळे हात न वापरता संगणकीय आज्ञावली लिहिणेही शक्य झाले आहे. त्या लेखनात कंस व चिन्हे वारंवार येत असल्याने त्यांच्यासाठी लहान, सहज उच्चारता येणारे सांकेतिक शब्द वापरले जातात.

## हे सुद्धा पहा

- श्रुतलेखन
- विरामचिन्हे
- देवनागरी अंक
- भारतीय संख्यापद्धती
- पटलवाचक
- युनिकोड